अपघाताची पिशवी आणि पाण्याचा रंग

थ्यामत्सुई जन्मला तेव्हा त्याच्या आजीने देवळामागच्या ज्योतिषाकडे धाव घेतली. ज्योतिषाने बोटांची पेरं मोजली, डोळे मिटले आणि सांगितलं की पोराच्या पत्रिकेत लाकूड आहे, विस्तव आहे, माती तर नको तेवढी आहे, पण पाण्याचा टिपूस नाही. उपाय सोपा होता. नावात पाणी घालायचं. आजी हातचं राखून काही करणारी बाई नव्हती. तिने नावच ठेवलं थ्यामत्सुई. आमच्या भाषेत त्याचा सरळ अर्थ होतो ‘पाणी घाल’.

शाळेत त्याचं कोणाला काही वाटलं नाही. फिंगतुंगच्या समुद्रकाठच्या आमच्या गावात तेव्हा नावं अशीच असत. त्याच्या वर्गात एकीचं नाव होतं ‘असू दे, पोसू’, कारण ती घरातली पाचवी मुलगी. तिच्यापुढे ‘पाणी घाल’ म्हणजे राजबिंडं नाव. पण सोळाव्या वर्षी तो गाड्या रंगवायच्या कामाला लागला आणि नाव अंगाशी आलं. दुधात पाणी घालणारे गवळी सगळीकडे असतात, पण ‘पाणी घाल’ नावाच्या गवळ्याकडून कोणी दूध घेत नाही. पुढे त्याने स्वतःचं दुकान टाकलं. गिऱ्हाईक गाडी न्यायला यायचं, बॉनेटवरून हात फिरवायचं आणि न चुकता विचारायचं की सायफू, नावाला जागला नाहीत ना? सायफू म्हणजे उस्ताद. हात चालवून पोट भरणाऱ्या प्रत्येकाला आमच्याकडे तेच म्हणतात. पहिल्या वर्षी त्सुई हसला. दुसऱ्या वर्षी त्याने हसणं सोडलं. तिसऱ्या वर्षी त्याने दुकानावर पुरुषभर उंचीची तीन लाल अक्षरं रंगवून घेतली. आमच्या लिपीत एक अक्षर म्हणजे एक शब्द, आणि नकार आधी येतो. ‘पाणी घालत नाही’, एवढंच. त्यापुढे ना दुकानाचं नाव, ना फोन नंबर.

काम मात्र असं करायचा की पाटीची गरजच नव्हती. कंपनी म्हणते गाडीचा रंग पांढरा. पण पाच वर्षं समुद्राच्या उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा पांढरा आणि डब्यातला पांढरा यांत नव्या नवरीचा आणि तिच्या सासूचा फरक असतो. त्सुई डब्यात पिवळ्याचा एक थेंब टाके, काळ्याचा अर्धा, काडीने ढवळे, पत्र्याच्या पट्टीवर ओढे, पट्टी दाराला लावून एक डोळा मिटे. रंग ओला असतानाच त्याला वाळल्यावरचा दिसत असे. ठोकलेलं दार त्याच्या हातून गेलं की ठोकणाऱ्यालाही ते परत सापडत नसे.

पण या धंद्याचा त्याच्या डोक्यावर परिणाम झाला होता. डॉक्टरला जसं अख्खं गाव आजारी दिसतं, तशी त्याला प्रत्येक गाडी ठोकायच्या बेतात असलेली दिसे. धडधाकट गाडी म्हणजे अजून न ठोकलेली गाडी, असं त्याचं साधं गणित होतं. अडतीस वर्षांत त्याच्या दारात एकही गाडी ‘सहज म्हणून’ आलेली नव्हती. आली ती चेपून, खरवडून, नाहीतर दोरीने ओढत. म्हणून तो स्वतः ताशी पस्तीसच्या वर कधी गेला नाही. मेव्हणी एकदा स्कूटरवर मागे गॅसचं नळकांडं बांधून त्याच्या पुढे निघून गेली आणि जाताना हात हलवून गेली.

आणि त्याच्या गाडीत मागच्या सीटवर पिशवी असे. लाल, निळ्या, हिरव्या पट्ट्यांची, बाजाराला नेतात तसली नायलॉनची मोठी पिशवी. तिच्यात लाल त्रिकोण, चकचकीत पट्ट्यांचं जाकीट, विजेरी, कॅमेरा, शिट्टी, मोजपट्टी, हातमोजे, मलमपट्टी, नातेवाइकांच्या नंबरांची प्लास्टिकमध्ये घातलेली यादी, खारी बिस्किटं आणि नव्या कोऱ्या आतल्या कपड्यांचे दोन जोड, एक त्याचा, एक बायकोचा. इस्पितळात नेल्यावर अंगावरचे कपडे कात्रीने कापतात असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. निदान उरलेल्या दिवसात अब्रूने हिंडता यावं, असा त्याचा विचार. समोरच्या कप्प्याच्या झाकणाला आतून त्याने चौदा नियम चिकटवले होते आणि कुठेही निघायच्या आधी, मग ते मासळीबाजारात का असेना, तो ते बायकोला मोठ्याने वाचून दाखवी. बायको, ग्योकलान, कलिंगडाच्या बिया दातांनी सोलत खिडकीबाहेर बघत ऐके. नाही ऐकलं तर तो पहिल्यापासून सुरू करी, हे तिला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात कळलं होतं.

अपघात काही होईना. दरवर्षी नव्या वर्षाच्या सुमाराला बिस्किटांची मुदत संपे आणि ती टाकायची नाहीत म्हणून ग्योकलान आठवडाभर न्याहारीला तीच खाई.

“एकदाचा ठोक तरी कुठे, म्हाताऱ्या,” ती म्हणायची. “ही बिस्किटं आता माझ्याच्याने गिळवत नाहीत.”

दुकानाच्या एका अंगाला मासे वाढवायची तळी होती आणि दुसऱ्या अंगाला पोचूताईची जांबाची बाग. पोचूताई सत्तरीची, नवरा गेल्यापासून बाग एकटीने बघणारी. तिचे घंटेच्या आकाराचे पाणीदार जांब इतके गडद लाल निघत की बाजारात त्यांना काळे मोती म्हणत. दुकानातून वर्षानुवर्षं थिनरचा वास तिच्या अंगणात येई आणि ती वर्षानुवर्षं दोरीवरचे कपडे काढून दुसऱ्या बाजूला वाळत घाली. भांडण असं कधी झालं नाही. पण एका मार्चमध्ये त्सुईने एका छोट्या बसला चंदेरी रंग मारायला घेतला. उकाडा मरणाचा, म्हणून दार सताड उघडं ठेवलं. दुपारून समुद्रावरचा वारा सुटला आणि संध्याकाळपर्यंत बागेतल्या दोन ओळींवर पानापानाला चांदीचा वर्ख लागला. फळांवरच्या कागदी पिशव्यांनाही.

पोचूताई आली ती ओरडत आली नाही. बशीत एक जांब घेऊन आली, बशी त्सुईच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, खाऊन दाखव. त्सुईने जांब उचलला, उजेडात फिरवून पाहिला आणि त्याच्या दुर्दैवाने, तोंडातून खरं तेच निघून गेलं, की थर अगदी एकसारखा बसलाय. पोचूताईने बशी परत घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसने ती जिल्ह्याच्या पर्यावरण कचेरीत गेली आणि बशी तिथल्या टेबलावर ठेवली.

चौकशीला आल्या त्या ल्यावबाई, तिशीच्या, मोठी उन्हाची टोपी घातलेल्या. बोलायला इतक्या अदबशीर की आपल्याला रागावताहेत हे कळायला त्सुईला अर्धा तास लागला. त्यांनी एक यंत्र हातात धरून दुकानातून फेरी मारली, यंत्र ओरडायला लागलं, मग त्या शिंकायला लागल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं की थिनर वाळतं म्हणजे जातं कुठे, तर वर हवेत. तिथे उन्हात त्याचं धुरकं होतं. हिवाळाभर इथून तावू डोंगर दिसत नाही तो उगीच नाही. त्सुई म्हणाला, माझ्या लहानपणी रोज दिसायचा. ल्यावबाई म्हणाल्या, तेच म्हणतेय मी, काका. सहा महिन्यांत रंगाची खोली बंदिस्त करायची, हवा गाळणारा पंखा बसवायचा आणि थिनरचा रंग सोडून पाण्याचा वापरायला लागायचं.

त्सुईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

“पाण्याचा म्हणजे?” त्याने विचारलं.

“म्हणजे पाणी घातलेला,” ल्यावबाई म्हणाल्या, आणि लिहायला मान खाली घालता घालता त्यांची नजर खिडकीतून बाहेरच्या पाटीवर गेली. सरकारी माणूस असल्यामुळे त्या हसल्या नाहीत. पण पेन थांबलं.

त्या दिवशी तो जेवला नाही. ग्योकलानला त्याने सांगितलं की दुकान बंद करतो, मासे पाळतो, पण आयुष्यभर ज्याचा कलंक पुसला तेच आता गिऱ्हाइकाच्या गाडीला फासायचं, हे व्हायचं नाही. ग्योकलान मासे साफ करत होती. मान वर न करता ती म्हणाली, “नाव ठेवलं आजीने, साठ वर्षं लाजलास तू. आता सरकारच म्हणतंय पाणी घाल, तर घाल ना. तळ्यातल्या माशांनाही पाणीच लागतं.”

तर त्याने घातलं. आणि पहिले तीन महिने रडकुंडीला आला. पाण्याचा रंग ओला असताना दुधट दिसतो आणि वाळला की भलताच निघतो. ज्या डोळ्यावर अडतीस वर्षं भाकरी मिळवली, त्या डोळ्याला ओल्यावरून वाळलेलं दिसेना. एका निळ्या गाडीचं दार त्याने तीनदा रंगवलं आणि तिन्ही वेळा ते शेजाऱ्याकडून उसनं आणल्यासारखं दिसलं. त्यात आमची हवा दमट. थिनरचा रंग भरभर उडून जायचा, हा आपला पाहुण्यासारखा बसून राहायचा. चार पंखे लावले तरी उठेना. एकदा तो जेवायला गेला तेवढ्यात एक पाल पांढऱ्या बॉनेटवरून इकडून तिकडे चालत गेली. पावलं इतकी सुबक उमटली होती की खरवडून काढताना त्याचाच जीव कळवळला.

पोचूताई रोज दुपारी स्टूल घेऊन कुंपणापाशी येऊन बसे. आपल्या तक्रारीचं काय होतं ते बघायला. नाक वर करून दोन-चारदा हुंगे आणि काहीसं नाराज होऊन म्हणे, “काहीच वास येत नाही रे.” पुढे पुढे ती येताना जांब आणायला लागली, कापून, मीठ लावून. रंग कुठला गडद वाटतो, कुठला फिका, यावर मतं द्यायला लागली. फळ पिकण्याच्या दिवसांत झाडावरचा लाल उद्या कुठवर जाईल हे तिला आजच कळायचं. त्या सवयीने ती ओल्या पट्टीकडे बघून सांगे, हा अजून काळवंडेल, थांब. निम्म्या वेळा तिचं बरोबर निघे. हे त्सुईने तिला कधी कबूल केलं नाही. पण पट्ट्या मात्र तो कुंपणाच्या बाजूलाच वाळत घालू लागला.

सहाव्या महिन्यात हात बसला. दाराला दार मिळायला लागलं. ल्यावबाई आल्या, त्यांचं यंत्र मुकाट राहिलं आणि जाताना त्यांनी मोठ्या संकोचाने सुचवलं की पाटीचं तेवढं काहीतरी करा, काका, ते आता खरं नाही. त्सुई शिडीवर चढला आणि तीन अक्षरांपैकी पहिलं, ‘नाही’चं, त्याने घासून काढलं. राहिली दोन, ‘पाणी घाल’. रंगाबाबत ती खरी होती. घोटाळा असा, की आमच्याकडे नळाचं पाणी कोणी पीत नाही. रस्तोरस्ती पिण्याचं पाणी भरून देणारी दुकानं असतात आणि त्या दुकानांच्या पाटीवर नेमकी हीच दोन अक्षरं असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्सुईने शटर वर केलं तेव्हा दोन बायका आणि एक नूडलवाला मोठमोठे कॅन घेऊन उभे होते. त्याने समजावून सांगितलं. ते चिडले. दुपारी आणखी चार आले. आठवडाभर तो गाडी रंगवायची सोडून लोकांना परत पाठवत होता. शेवटी ग्योकलाननेच दारात पाणी गाळायचं यंत्र बसवलं आणि पाणी द्यायला सुरुवात केली. समजावण्यापेक्षा कॅन भरून देणं लवकर होतं, असं तिचं म्हणणं.

थिनर गेल्याचा एक परिणाम मात्र कोणी सांगितला नव्हता. त्सुईचं नाक परत आलं. वीस-पंचवीस वर्षं त्याला कसलाच वास येत नव्हता आणि म्हणून कसली चवही; ग्योकलान जे वाढेल ते तो ‘छान’ म्हणून खायचा. ती त्याला चांगला स्वभाव समजत होती. आता एके दिवशी त्याने माशाच्या सारात चमचा घातला, थांबला आणि विचारलं की याच्यात आलं कमी आहे का? दुसऱ्या दिवशी भाताला भांड्याचा वास येत होता. तिसऱ्या दिवशी कोबी. ग्योकलान पोचूताईला कुंपणावरून म्हणाली, “तुमच्या तक्रारीने याचं नाक सुधारलं आणि तोंड सुटलं. आता हे कुठल्या कचेरीत सांगायचं?”

राहिला उरलेल्या रंगाचा प्रश्न. पूर्वी डब्यातला तळ गटारात ओतला की काम झालं. आता ते चालणार नव्हतं; ल्यावबाईंनी गटाराचंही पाणी बाटलीत भरून नेलं होतं. डब्यांची रांग वाढत चालली आणि तिच्याकडे बघता बघता त्सुईला ती युक्ती सुचली, जिचा त्याला पुढे फार पश्चात्ताप झाला. आमच्याकडे कायदा असा की किरकोळ ठोकाठोक झाली, कोणाला लागलं नाही, तर गाडीचे चारही कोपरे रस्त्यावर आखायचे, फोटो काढायचे आणि गाड्या बाजूला घ्यायच्या. आखायला लोकांजवळ खडू नसतो. मग गाड्या तशाच रस्त्यात उभ्या राहतात आणि मागे मैलभर रांग. त्सुईने सॉसच्या असतात तसल्या चोचीच्या बाटल्या आणल्या, उरलेला रंग त्यांत भरला आणि गाडी नेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला एकेक देऊ लागला, चौदा नियमांच्या प्रतीसकट. रंग वाया जात नाही, गटार स्वच्छ आणि गिऱ्हाईक तयारीत. त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं.

सात-आठ महिन्यांत गावातले चौक रंगांनी भरून गेले. गिऱ्हाइकाला त्याच्याच गाडीचा उरलेला रंग मिळालेला, त्यामुळे जो तो आपापल्या रंगाने आखायचा. आणि तो रंग गाडीचा, चांगला टिकाऊ, पावसाने जाईना. शेतकरी संघाच्या चौकात मोतिया लाल चार कोपरे आणि त्यांना भिडलेले आकाशी चार कोपरे दिसले की बाजाराला निघालेल्या बायका थांबून म्हणायच्या, शाळेच्या मास्तरांनी परत त्या औषधवाल्याला ठोकलं. कोण रविवारी सकाळी कुठल्या गल्लीतून बाहेर पडत होता, हेही रस्त्यावर लिहिलेलं. एका हिरव्या कोपऱ्यामुळे तर एका घरात तीन दिवस चूल पेटली नाही. त्या नवऱ्याने त्या दिवशी काओश्युंगला गेलो होतो म्हणून सांगितलं होतं. शेवटी रस्ते खात्याने पर्यावरण कचेरीला पत्र लिहिलं आणि ल्यावबाई पुन्हा टोपी घालून आल्या.

त्यांनी चौकांचे फोटो टेबलावर मांडले. मग म्हणाल्या, “काका, रंग चांगलाच आहे. पण रस्ता ही गाडी नाही.” बाटल्या परत गोळा करायच्या आणि लोकांना खडू द्यायचा, असं ठरलं. त्सुई दारोदार फिरून बाटल्या गोळा करून आला. एक तेवढी स्वतःच्या पिशवीत ठेवली, पोचूताईच्या टेंपोच्या लाल रंगाची. खडूवर त्याचा विश्वास नव्हता.

नोव्हेंबरात ग्योकलानच्या भाचीचा साखरपुडा होता. दोघं सकाळी निघाली, चौदा नियम वाचून झाले आणि बदकांच्या शेडपुढच्या सिग्नलला त्सुई लाल दिव्याला थांबला. नियमाप्रमाणे, रेघेच्या दोन हात अलीकडे. तेवढ्यात मागून धाडकन आवाज झाला, गाडी हातभर पुढे सरकली आणि कुठूनतरी बदकं ओरडायला लागली.

तेंग नावाचा बदकवाला होता, चाळिशीचा. उन्हाची तिरीप डोळ्यांवर आली, ब्रेकला उशीर झाला. त्याच्या टेंपोवरचा एक पिंजरा खाली पडून फुटला होता आणि सहा बदकं रस्त्यावर उतरून आपली काही चूक नाही अशा चेहऱ्याने उभी होती.

इतकी वर्षं त्सुई या क्षणाची वाट बघत होता. तो खाली उतरला, मागे गेला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. त्याला काहीही आठवेना. पहिला नियम आठवेना, चौदावा आठवेना, पिशवी कुठे आहे तेही आठवेना. डोळ्यांसमोर फक्त तेंगच्या टेंपोचा निळा बंपर होता आणि त्या बंपरच्या उजव्या कोपऱ्यात कोणीतरी हातभर जागा वेगळ्याच निळ्याने रंगवलेली होती.

“हे कोणी केलं?” त्सुईने विचारलं.

तेंग टेंपोचं दार घट्ट धरून उभा होता. तो म्हणाला, चुकलं सायफू, माझीच चूक, मी भरून देतो.

“ते नव्हे. हा रंग कोणी मारला? याच्यात हिरवा पडलाय. आंधळ्यालाही दिसेल.”

तेंग म्हणाला, पलीकडच्या गावात एकाने, स्वस्तात. त्सुई खाली वाकला, नखाने कोपरा खरवडला आणि खाली पुट्टी नीट घासलेली नाही हेही त्याला दाखवायला लागला. तेंग बिचारा मान हलवत ऐकत होता.

ग्योकलान साखरपुड्याची साडेतीन इंची टाच घालून उतरली. ती आधी तेंगकडे गेली. त्याचा दंड धरून तिने विचारलं, “तुला कुठे लागलंय का रे?” तो नाही म्हणाला, पण त्याचे ओठ पांढरे पडले होते. तिने त्याला फुटपाथवर बसवलं, पिशवीतली खारी बिस्किटं त्याच्या मांडीवर ठेवली आणि खा म्हणून दरडावलं. मग गाडीचे चारही दिवे लुकलुकत ठेवले. जरीच्या कपड्यांवर जाकीट चढवलं, त्रिकोण घेतला आणि पावलं मोजत मागे गेली, बरोबर तीस. परत येऊन लांबून, जवळून, चारी बाजूंनी फोटो काढले. लाल बाटली घेऊन दोन्ही गाड्यांचे आठ कोपरे आखले. पोलिसांना फोन लावून चौकाचं नाव, गाड्या दोन, जखमी कोणी नाही, बदकं सहा, असं एका दमात सांगितलं. मग नवऱ्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, गाडी बाजूला घे, मागे रांग लागलीय. त्सुई निमूटपणे गाडीत जाऊन बसला.

ओल्या रंगातून बदकं चालत गेली ती रस्ता ओलांडून कालव्यापर्यंत. मागे लाल पावलांची लांबलचक नक्षी.

पोलीस आला, तरुण होता. त्याने सगळीकडे फिरून पाहिलं आणि म्हणाला की एवढ्या वर्षांत असा नीटनेटका अपघात मी बघितला नाही. कोणी केलं हे सगळं? त्सुईने घसा खाकरला. तेंगने बिस्किट भरल्या तोंडाने ग्योकलानकडे बोट दाखवलं. जागेचा नकाशा काढताना पोलीस जरा अडला. खुणा आहेत तर नोंदवायला हव्यात, असं म्हणून शेवटी त्याने कालव्याच्या दिशेने छोटी छोटी पावलंही काढली. चारच दिवसांनी ल्यावबाईंचा फोन आला. बदकंही तुमची गिऱ्हाइकं आहेत का, एवढंच त्यांनी विचारलं आणि फोन ठेवताना त्या पहिल्यांदाच मोकळेपणी हसल्याचं त्सुईला ऐकू आलं.

साखरपुड्याला ते दीड तास उशिरा पोचले. परत आल्यावर त्सुई बराच वेळ गाडीत बसून राहिला, कप्प्याचं झाकण उघडून. त्याने चौदाही नियम दोनदा वाचले. मग आत येऊन विचारलं की तू पहिल्यांदा त्याच्याकडे गेलीस, लागलं का म्हणून विचारलंस, ते कशावरून? हे कुठे लिहिलेलं नाही.

ग्योकलान टाचा दाबत बसली होती. “लिहायचं काय त्यात? माणूस थरथरत होता,” ती म्हणाली.

दोन दिवस साराला नावं ठेवणंही राहून गेलं. तिसऱ्या दिवशी त्याने तेंगला फोन करून टेंपो घेऊन बोलावलं. बंपर पुट्टीपासून नव्याने घासला आणि निळ्यासाठी पोचूताईला कुंपणावरून हाक मारली. ताई, हा वाळल्यावर कुठे जाईल, सांगा बघू. तिने दोनदा ‘थांब’ म्हटलं, तिसऱ्यांदा मान हलवली. रंग असा बसला की तेंगला आपला जुना कोपरा दाखवता येईना. पैसे त्सुईने घेतले नाहीत. म्हणाला, तो हिरवा बघवत नव्हता. तेंगने एक बदक आणून दिलं.

पोलिसाने गावभर सांगितलं होतंच. वर्ष संपायच्या आत शेतकरी संघाने रस्ता सुरक्षेचं शिबिर ठेवलं आणि बोलायला बोलावलं ते ग्योकलानला. चिठ्ठी त्सुईनेच फोडली. त्याने ती तीनदा वाचली, पाकिटावरचं नावही बघितलं, मग तिच्या हातात दिली. पिशवी मी घेतो, म्हणाला.

सभागृहात साठ-सत्तर माणसं आली. पोचूताई पहिल्या रांगेत होती, स्वतःचं स्टूल घेऊन, कारण संघाच्या खुर्च्या तिला टोचतात. प्रात्यक्षिकासाठी जखमी माणूस म्हणून कोणी झोपेना, तेव्हा ग्योकलानने नवऱ्याला व्यासपीठावर चटईवर आडवं व्हायला सांगितलं. तो झाला. डोळे मिटून, हात पोटावर ठेवून तो ऐकत राहिला. ती भरभर सांगत होती, मध्येच बिस्किटांचा आणि आतल्या कपड्यांचा किस्सा घालून लोकांना हसवत होती. आधी माणसाकडे जा, मग गाडीकडे. दिवे. जाकीट. त्रिकोण. खडू. गाड्या बाजूला घ्या. त्सुईचे डोळे उघडले. आखायच्या आधीचे फोटो राहिले होते. त्याने चटईवरूनच हात वर केला.

“जखमींनी बोलायचं नसतं,” ग्योकलान माइकवरून म्हणाली.

लोक हसले. त्याने हात खाली घेतला. पण तिने पाणी प्यायला क्षणभर बोलणं थांबवलं तेव्हा त्याने हळूच “फोटो” म्हटलं, तिने पायाजवळच्या पिशवीतला कॅमेरा वर काढून दाखवला आणि तिथून पुढे सुरू केलं. सभागृह थंड होतं, चटई बरी होती. जेवणाच्या डब्यांची गाडी आली, तळलेल्या मांसाचा आणि गरम भाताचा वास दारातून आत शिरला, तेव्हा सगळ्यांच्या आधी तो जखमीलाच आला, आणि तो उठून बसला.